उस्ताद खरा, मेजर खोटा आणि मैदान तीस मीटर कमी

एक स्टार देतेय कारण शून्याचा ऑप्शन नाही. आणि तो एक स्टार पण अकॅडमीला नाही, तिथल्या उस्तादांना, म्हणजे पोरांना पळवणाऱ्या ट्रेनरना आहे, त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय. नाव मुद्दाम टाकत नाही, आमचा पोलिसात अर्ज गेलाय आणि समोरून वकिलाची नोटीस आलीय, त्यामुळे सध्या एवढंच सांगते की पश्चिम महाराष्ट्रातली, हायवेला लागून असलेली, सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करून घेणारी निवासी अकॅडमी. अशा आता तालुक्याला चार-पाच निघाल्यात. कुणाला ओळख पटो न पटो, पोराला कुठंही घालायच्या आधी वाचून ठेवा.

आधी सोयीसुविधा. फी सहा महिन्यांची ४८ हजार, राहणं-जेवण धरून. ट्रॅकसूट, बूट, टी-शर्टचे वेगळे साडेतीन हजार आणि "डॉक्युमेंट चार्ज" म्हणून अजून एक हजार ज्याची पावती मागितली तर बघू म्हणतात. राहायला पत्र्याची शेड, एका हॉलमध्ये चाळीस पोरं, लोखंडी बंकबेड, उन्हाळ्यात पत्रा तापला की पोरं रात्री ग्राउंडवर सतरंज्या टाकून झोपायची. टॉयलेट सहा, त्यातली दोन कायम बंद. जेवण मात्र चांगलं होतं हे मान्य करते, सकाळी मोड आलेले मूग-हरभरे आणि केळी, दुपारी चपाती भाजी आमटी भात, रविवारी अंडी नाहीतर चिकन, आमटी पातळ पण पोटभर. मेसच्या मावशी फार जीव लावतात पोरांना, कुणी तापानं पडलं तर वेगळी पेज करून द्यायच्या. वायफाय आहे असं माहितीपत्रकात छापलंय, नाहीये. लायब्ररी म्हणजे एक कपाट आणि त्याला कुलूप.

आता मुख्य गोष्टीवर येते, ते म्हणजे संचालक साहेब.

गेटवरच वीस फुटी फ्लेक्स. मरून रंगाची बेरे टोपी, काळा गॉगल, छातीवर मेडलच्या दोन ओळी, खिशावर बलिदान बॅज आणि खाली ठळक अक्षरात मेजर (निवृत्त), पॅरा कमांडो, २६/११ ऑपरेशन. ऑफिसमध्ये आत गेलं की परत तोच फोटो, टेबलावर पितळी तोफ, भिंतीवर महाराज, आणि बाजूला बर्फातला एक ग्रुप फोटो ज्यात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आहेत त्यामुळे कोण कुठला काय कळायची सोयच नाही. ॲडमिशनला गेलो तेव्हा साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले, आईला "जय हिंद माताजी" म्हणाले, माझ्या धाकट्या भावाचे, पिंट्याचे, खांदे दाबून बघितले आणि म्हणले मटेरियल चांगलं आहे, माझ्यावर सोडा. आईचे डोळे भरून आले. पुढच्या पाच मिनिटांत माझ्या फोनवरून पहिला हप्ता गेला.

आमच्या भागात हे असंच चालतं. साताऱ्याजवळ अपशिंगे आहे ज्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात, शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, आणि बाकी गावांत पण गल्लीत एखादा तरी पलटणीतला निघतोच. माझे चुलते, तात्या, मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शन घेऊन आले. त्यामुळे फौजी म्हणलं की आम्ही कागद मागतच नाही. भाडेकरूला आधार कार्ड मागतो, सोयरीक जमवताना सात पिढ्या खणून काढतो, बँकवाल्यानं केवायसी केवायसी करून जीव खाल्ला तरी निमूटपणे देतो, पण वर्दीतल्या माणसाला "तुमचं ओळखपत्र दाखवा" म्हणायची जीभ रेटत नाही. ह्याच्यावरच तर त्या फोनवरच्या टोळ्या जगतात ना, जुन्या वस्तूंच्या ॲपवर "मी आर्मीत आहे, अचानक बदली आलीय, ॲक्टिव्हा निम्म्या किमतीत सोडतोय" असं टाकतात, कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवतात, डीपीला वर्दी, गाडी म्हणे मिलिटरीच्या पार्सलनं येणार, तुम्ही फक्त आधी वाहतुकीचे पाठवा. किंवा उलटं, तुमची वस्तू विकत घेतो म्हणतात आणि पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करा सांगतात. चांगली शिकलेली माणसं गेलीत त्यात. आमचे साहेब त्याच जातकुळीतले, फक्त हे फोनमध्ये नाहीत, समोर फिरत्या खुर्चीत बसलेत.

तात्या ॲडमिशनच्या वेळी गावात नव्हते. दिवाळी झाल्यावर पिंट्याला फराळाचा डबा द्यायला मी आणि ते गेलो. तात्या फौजी माणसासमोर गेले की आपोआप ताठ होतात, आत शिरल्या शिरल्या सावधान होऊन "राम राम साहेब" म्हणाले. साहेबांनी खुर्चीत बसूनच कडक सॅल्यूट ठोकला. डोक्यावर टोपी नाही. मला तेव्हा काही कळलं नाही पण तात्यांच्या कपाळावर आठी आली ती मी बघितली.

"साहेब, पलटण कुठली आपली?"

"पॅरा."

"पॅरा कितवी साहेब?"

"काका, आमचं सगळं क्लासिफाइड असतं."

"बरं बरं. कमिशन एनडीएतून का ओटीएतून?" (म्हणजे ऑफिसर कुठल्या अकॅडमीतून झालात.)

"एनडीए."

"कोर्स कितवा साहेब?"

"कमांडो कोर्स. बेळगाव."

तात्यांनी मान डोलावली. मग सहज विचारल्यासारखं, सर्व्हिस किती झाली. साहेब म्हणाले पंधरा वर्ष पूर्ण केली, पेन्शन बसली, म्हणलं आता गावाकडच्या पोरांसाठी काहीतरी करू. आणि मग लंगरमधल्या जेवणाच्या आठवणी काढल्या, रात्री ड्यूटीवरून आलं की लंगरमध्ये गरम पुऱ्या मिळायच्या वगैरे. तात्या चहा न घेता उठले. तात्या चहा सोडत नाहीत, बायपासच्या घाणेरड्या टपरीवरचा पण सोडत नाहीत.

बाहेर आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितेय कारण ते प्रत्येकाला माहीत पाहिजे. आपल्या आर्मीत डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट मारत नाहीत, नुसते सावधान होतात, हे रंगरूटाला पहिल्या आठवड्यात अंगवळणी पाडतात. एनडीएवाल्याला कोर्स विचारला की तो नंबर सांगतो, अमुकावा कोर्स, अमुक स्क्वाड्रन, मेला तरी विसरत नाही. कमांडो कोर्स बेळगावला होतो हे खरं, पण तो नोकरीत गेल्यावर करायचा कोर्स, कमिशनशी त्याचा संबंध नाही. पंधरा वर्षांत पेन्शन बसते ती जवानाला, ऑफिसरला वीस लागतात. बरं मेजर सहा वर्षांच्या सर्व्हिसला होतात आणि तेरा झाली की साधारण लेफ्टनंट कर्नल होऊन जातात, मग पंधरा वर्ष काढलेला माणूस मेजरवरच कसा राहिला ते पण सांगावं लागेल. आणि लंगर जवानांचा असतो, ऑफिसर जेवतो ऑफिसर्स मेसमध्ये. बडा खान्याला साहेब लोक जवानांबरोबर बसतात ते वेगळं. एका दमात एवढं बोलले आणि मग गाडीला किक मारता मारता म्हणाले, "त्यानं जवानाची गोष्ट कुणाकडनं तरी ऐकलीय आणि त्यावर ऑफिसरची टोपी घातलीय."

घरी आल्यावर मी फ्लेक्सचा फोटो मोठा करून तात्यांना दाखवला. मेडलच्या ओळीत त्यांना त्यांच्या स्वतःच्या पेटीतलं एक मेडल दिसलं, स्वातंत्र्याच्या ५० व्या वर्षाचं. ते १५ ऑगस्ट १९९७ ला जे नोकरीत होते त्यांनाच मिळालं. आता साहेबांचं वय मला कसं माहीत तर त्यांचा वाढदिवस अख्ख्या तालुक्याला माहीत असतो, चौकात, एसटी स्टँडवर, दूध डेअरीसमोर फ्लेक्स, "युवकांचे प्रेरणास्थान यांना ३५ व्या वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा", २०२४ च्या जानेवारीत लागलेला. म्हणजे ९७ साली साहेब आठ वर्षांचे. आणि २६/११ म्हणजे नोव्हेंबर २००८, तेव्हा एकोणीस. एनडीएत तीन वर्ष खडकवासल्याला, मग एक वर्ष डेहराडूनला, वीस वर्षांच्या आत कुणी ऑफिसर होऊन बाहेर पडत नाही. ताजमध्ये एनएसजीचे कमांडो उतरले होते, त्यात आर्मीतून डेप्युटेशनवर गेलेले जवान आणि ऑफिसर असतात हे खरं, पण एकोणीस वर्षांचा मेजर कुणी पाठवला नव्हता. स्वतःच्याच दोन फ्लेक्सनी माणूस पकडला जावा, हे आपल्याकडंच होऊ शकतं.

बलिदान बॅजचं तर बोलूच नका. तो पॅरा स्पेशल फोर्सेसचा. धोनीच्या ग्लोव्हजवर ते चिन्ह दिसलं म्हणून २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये आयसीसीनं काढायला लावलं तेव्हा अख्ख्या देशात चर्चा झाली, आणि धोनी तर टेरिटोरियल आर्मीच्या पॅरा बटालियनचा मानद लेफ्टनंट कर्नल आहे, त्यानं पॅराच्या उड्या मारल्यात. आमच्या साहेबांचा बॅज ऑनलाइन मागवलेला असणार, मी शोधून बघितलं, दोनशे-अडीचशेला मिळतो.

इथं एक गोष्ट लिहायलाच पाहिजे नाहीतर लोक उगाच भलत्याच माणसावर संशय घ्यायला लागतील. नावापुढं कॅप्टन किंवा मेजर लागलेला प्रत्येकजण खोटा नसतो. सुभेदार, सुभेदार मेजर लोकांना नोकरीच्या शेवटी शेवटी २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला ऑनररी लेफ्टनंट, ऑनररी कॅप्टन मिळतं, ते अख्खं आयुष्य घासून मिळवलेलं असतं, त्यांना हसू नका. कॉलेजातले एनसीसीचे सर पण लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असतात, ती रँक एनसीसीची आणि एकदम खरी, फक्त त्यामुळं सर माजी सैनिक होत नाहीत, आणि चांगले सर तसं सांगतही नाहीत. सीआरपीएफ, बीएसएफमधून आलेल्याला पण गावात मिलिटरीवालाच म्हणतात आणि छत्तीसगडमध्ये नाहीतर बॉर्डरवर वीस वर्ष काढून आलेल्या माणसाला कोण नाही म्हणणार. ह्यातला एकही माणूस कागद मागितला तर चिडत नाही हे मी आता अनुभवानं सांगते. तात्यांचं ओळखपत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळालेलं, पाकिटात असतं. डिस्चार्ज बुक आईच्या पोथ्यांच्या वर प्लास्टिकमध्ये. पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स तर इतक्या ठिकाणी दिलीय की गावातल्या झेरॉक्सवाल्याला पाठ असेल. ऑफिसर असेल तर डिस्चार्ज बुक नसतं पण रिलीजचे कागद आणि पीपीओ असतात, आणि आयसीनं सुरू होणारा नंबर असतो, शॉर्ट सर्व्हिसवाल्याचा एसएसनं. तो नंबर क्लासिफाइड वगैरे काही नसतो, ते सिनेमात.

आता उस्ताद. हे आर्टिलरीतून हवालदार रिटायर, नाशिक रोडला ट्रेनिंग झालेलं, पहाटे साडेचारला शिट्टी. अकॅडमीत जी काय खरी मेहनत होते ती हा एकटा माणूस करून घेतो. पळताना खांदे कसे सैल ठेवायचे, पहिल्या राउंडला कुत्रं मागं लागल्यासारखं पळायचं नाही, बीमला (पुल-अप्सच्या दांड्याला) लटकताना श्वास कुठं सोडायचा, पायाला फोड आले तर सुई कशी लावायची. पोरांना रगडा, म्हणजे शिक्षेचा व्यायाम, पण भरपूर देतात, पण कुणाच्या आईबापावरून शिवी नाही आणि हात नाही. पिंट्याचे बीम तीनवरून दहावर आले ते यांच्यामुळं, दहा बीमला पूर्ण ४० मार्क असतात. पगार पंधरा हजार ठरलेला आणि तो पण दोन-दोन महिने अडकलेला.

तात्या त्यांना नंतर बाहेर भेटले. उस्ताद म्हणाले, मला तर पहिल्या दिवशीच कळलं होतं, साहेब सॅल्यूट मारतात तेव्हा हाताची बोटं बघा. मग बोलला का नाहीत? तर म्हणाले घरावर कर्ज आहे, पेन्शन त्यात जाते, आणि मी गेलो तर ह्या पोरांना पळवणार कोण, तो? मला ह्याचा राग येतो आणि येत पण नाही. खरा हवालदार खोट्या मेजरला दिवसातून दहा वेळा "जी साहेब" म्हणतो, का तर फ्लेक्सवर हवालदाराचा फोटो लावला तर ४८ हजार कुणी देणार नाही. हे आपलं पण आहे ना. आपल्याला कमांडो पाहिजे, २६/११ पाहिजे, गॉगल पाहिजे. ज्यानं वीस वर्ष तोफा ओढल्या आणि सरळ घरी आला त्याच्याकडं सांगायला सिनेमा नसतो.

काही लोक म्हणतील, मेजर खोटा तर खोटा, ट्रेनिंग तर मिळालं ना. मलाही आमच्या मामांनी हेच ऐकवलं. तर ऐका काय झालं ते.

ग्राउंडचा एक राउंड चारशे मीटर असं सांगितलेलं. चार राउंड म्हणजे सोळाशे. पिंट्या पाच-वीसला मारत होता, घरी फोन करून सांगायचा, आम्ही खूश. कारण तेव्हाच्या आर्मी भरतीत ५ मिनिट ३० सेकंदाच्या आत आला तर पहिला ग्रुप, ६० मार्क, आणि ५:३१ ते ५:४५ दुसरा ग्रुप, ४८ मार्क, त्याच्या पुढं घरी. त्यामुळं पाच-वीस म्हणजे निवांत. साहेब प्रत्येक पोराचं टायमिंग बोर्डवर लिहायचे आणि त्याचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायचे, खाली "मिशन सक्सेस". लेखी परीक्षा आता आधी असते, २०२३ पासून ऑनलाइन सीईई (लेखी प्रवेश परीक्षा) पास झाल्याशिवाय रॅलीत, म्हणजे ग्राउंडच्या भरतीत, उभंच करत नाहीत, पण साहेबांचं ज्ञान जुन्या भरतीवर अडकलेलं, ग्राउंड मारा लेखीचं मी बघतो हे एकच पालुपद. जीडीचा (जनरल ड्युटी जवानाचा) पेपर ५० प्रश्न, १०० मार्क, एक तास, चुकलं की निगेटिव्ह, ह्याची एक टेस्ट घेतली नाही. पिंट्यानं रात्री पांघरुणात मोबाईलवर व्हिडिओ बघून अभ्यास केला आणि सीईई निघाली त्याची. त्या शेडमधल्या चाळीसपैकी बहुतेकांची नाही निघाली. ती पोरं वर्षभर फक्त पळत होती.

मग रॅली. पिंट्याला पाच एकोणपन्नास लागले. चार सेकंदांनी गेलं.

तो म्हणला माझंच काहीतरी चुकलं, पोट बिघडलं असेल, रात्री झोप नाही झाली. तात्यांनी काय केलं तर गवंड्याकडून मोठी टेप आणली आणि रविवारी साहेब नसताना उस्तादांना बरोबर घेऊन अकॅडमीचा ट्रॅक मोजला. तीनशे सत्तर मीटर भरला. मेसची नवीन शेड बांधताना एक कोपरा आत ओढला होता, चुना परत मारला पण मोजलं कुणी नाही. उस्तादांनी तेव्हाच सांगितलेलं की साहेब माप चुकतंय, साहेब म्हणाले टायमिंग चांगली येतायत ना मग राहू दे, ॲडमिशनचा सीझन आहे. चार राउंड म्हणजे १४८० मीटर. त्याला पाच-वीस लागत असतील तर त्याच दमानं सोळाशेला पाच-शेहेचाळीसच्या आसपास येतं, तुम्ही स्वतः गुणाकार करून बघा. म्हणजे पोरगं पहिल्या ग्रुपमध्ये कधी नव्हतंच आणि ते त्याला रॅलीच्या ट्रॅकवर पहिल्यांदा कळलं. आधी कळलं असतं तर सहा महिन्यांत दहा-पंधरा सेकंद कमी करणं उस्तादांच्या हातचं होतं. त्या वर्षीच्या जाहिरातीत वय साडेसतरा ते एकवीस. पिंट्या पुढच्या वेळी बसत नाही त्यात.

खरा मेजर असता तर ट्रॅक मोजला असता का, माहीत नाही. पण सोळाशे मीटरनं पोराचं काय होतं हे ज्यानं कधी अंगावर घेतलेलं नाही त्याला तीस मीटरचं काहीच वाटत नाही, एवढं मला दिसलं.

आणि सगळ्यात घाण प्रकार म्हणजे सेटिंग. रॅलीच्या आधी पालकांना एकेकटं बोलावून सांगायचं की मेडिकलला अडकलं तर बघू, एआरओत (आर्मीच्या भरती कार्यालयात) आपली माणसं आहेत, माझे कोर्समेट बसलेत, तीन लाखाची तयारी ठेवा. आईला पण बोलावलं होतं. तिनं मंगळसूत्र मोडायची भाषा केली घरी, तात्या ओरडले तेव्हा थांबली. आर्मीच्या भरतीसाठी कुठल्या माणसाला पैसे द्यायचे नसतात, दलालांपासून सावध राहा असं प्रत्येक जाहिरातीत आर्मी स्वतः छापते. पण जाहिरात इंग्रजी-हिंदीत आणि साहेब मराठीत, समोर चहा ठेवून. आमच्या ओळखीतल्या दोन घरांनी दिलेत पैसे. एकानं बैलजोडी विकून. ते तक्रार करायला तयार नाहीत कारण लाच दिली म्हणून आपणच आत जाऊ अशी भीती घातलीय.

वर्दीबद्दल पण लिहिते. आर्मीचा नवीन डिजिटल पॅटर्नचा कॉम्बॅट ड्रेस १५ जानेवारी २०२२ च्या आर्मी डेला आला, त्याची डिझाईन आर्मीनं स्वतःच्या नावावर रजिस्टर केलीय आणि तो बाजारात विकायला परवानगी नाही. साडेतीन हजारात आम्हाला जो "कमांडो ट्रॅकसूट" दिला तो डिट्टो त्याचीच नक्कल, दोन धुण्यात हिरव्याचा पिवळा. पठाणकोटला जानेवारी २०१६ मध्ये हल्लेखोर लष्करी गणवेशात शिरले होते, तेव्हापासून आर्मी लोकांना आणि दुकानदारांना सांगतेय की असले कपडे घालू नका विकू नका. आमच्याकडं चाळीस पोरं ते घालून शनिवारी बाजारातून पळत जातात आणि लोक टाळ्या वाजवतात.

अर्ज देताना ठाण्यातल्या साहेबांनी चांगलं ऐकून घेतलं हे सांगते. सैनिक नसताना लोकांना सैनिक वाटावं म्हणून तसा पोशाख करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ मध्ये येतं, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजार. ट्रॅकसूटच्या पैशात पावणेदोन वेळा दंड भरून होतो. खरं वजन फसवणुकीच्या कलमाला आहे, त्यामुळं अर्जात नुसतं "खोटा मेजर आहे" एवढंच लिहू नका, ह्या मेजर असण्याच्या भरवशावर आम्ही इतके पैसे इतक्या तारखेला दिले असं लिहा, माहितीपत्रक आणि फ्लेक्सचे फोटो तारखेसकट जोडा. फ्लेक्सचे फोटो आधी काढा आणि मग भांडा, उलटं केलं तर फ्लेक्स रातोरात उतरतो. आमच्याकडं उतरलाच.

अपडेट: वकिलाच्या नोटिशीत लिहिलंय की मेजर ही विद्यार्थ्यांनी प्रेमानं दिलेली उपाधी असून संचालकांनी कधीही लष्करी सेवेचा दावा केलेला नाही. आमच्याकडं त्यांच्या सहीचं माहितीपत्रक आहे त्यात (निवृत्त) लिहिलंय, पोरांनी प्रेमानं निवृत्त पण केलं का विचारायचंय. नवीन फ्लेक्स लागलाय, मेडल तीच, (निवृत्त) गायब, २६/११ च्या जागी "राष्ट्रसेवेचा वारसा". फीचे वीस हजार परत आले, बाकीचे देणार म्हणतात. उस्ताद सोडून गेले तिथून, गावच्या गायरानावर सकाळी पोरं घेतात, महिना पाचशे, आणि ट्रॅक तात्यांच्या टेपनं मोजलेला आहे. पिंट्या तिथंच जातो, पोलीस भरतीसाठी, तिथं पण सोळाशेच पळायचं असतं आणि वयाला अजून जागा आहे.

कुणाचे दहावी-बारावीचे ओरिजिनल मार्कशीट आणि दाखला अकॅडमीनं "सेफ राहतील" म्हणून ठेवून घेतले असतील तर ते पण अर्जात लिहा. आमचे महिनाभर मागून मिळत नव्हते, ठाण्यातून एक फोन गेला आणि संध्याकाळी शिपाई घरी आणून देऊन गेला.